एका व्हॅनमधले चौघे : बीटल्स आणि त्यांच्या गाड्यांची गोष्ट

सुट्टीत गावाला जाताना एकाच गाडीत नऊ-दहा जण कोंबून बसल्याचं आठवतंय तुम्हाला? पुढे बाबा आणि काका, मागे आजीच्या मांडीवर धाकटं भावंडं, पायाशी पिशव्या आणि खिडकीच्या जागेवरून रंगलेलं भांडण. तेव्हा कधी एकदा पोहोचतो असं व्हायचं. आता मात्र सगळे जमले की गप्पांत हमखास त्याच प्रवासाचा विषय निघतो.

आजची गोष्टही अशाच एका खच्चून भरलेल्या गाडीची आहे. तिच्यात बसलेली मुलं पुढे जगातला सर्वात गाजलेला बँड झाली. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. म्हणजेच बीटल्स. तुमच्या घरात कुणाकडे त्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स असतील, कुणी त्यांची गाणी रील्सच्या मागे ऐकली असतील. त्यांच्या गाण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. आज आपण त्यांच्या गाड्यांकडे पाहू या. कारण ही चार मुलं जवळ कशी आली आणि लांब कशी गेली, हे त्यांच्या गाड्या पाहिल्या तरी कळतं.

बसच्या वरच्या मजल्यावर

सुरुवात होते ती इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरातल्या साध्या बसपासून. पॉल आणि जॉर्ज एकाच शाळेत जायचे, एकाच बसने. ओळख झाली ती तिथेच. जॉर्जचे वडील हॅरल्ड आधी बस कंडक्टर होते, मग ड्रायव्हर झाले. म्हणजे बस हे जॉर्जच्या घरचं पोटापाण्याचं साधन होतं.

पॉलने जॉर्जची जॉनशी गाठ घालून दिली. जॉन वयाने मोठा, आणि जॉर्ज तर जेमतेम पंधरा वर्षांचा. एवढ्याशा पोराला बँडमध्ये घ्यायला जॉन काही तयार नव्हता. १९५८ च्या सुरुवातीला एका रात्री डबलडेकर बसच्या जवळजवळ रिकाम्या वरच्या मजल्यावर जॉर्जने गिटार काढली आणि एक अवघड धून न चुकता वाजवून दाखवली. जॉनचा नकार तिथेच संपला.

त्याच वर्षी जुलैमध्ये जॉनच्या आयुष्यात रस्त्याने मोठा घाव घातला. त्याची आई ज्युलिया मावशीच्या घरून निघाली होती. बस थांब्याकडे जाण्यासाठी ती रस्ता ओलांडत असताना एका कारने तिला धडक दिली आणि ती गेली. जॉन तेव्हा १७ वर्षांचा होता. पॉलचीही आई दोन वर्षांपूर्वीच कॅन्सरने गेली होती. दोघांमधला हा न बोलता कळणारा धागा शेवटपर्यंत राहिला.

८० पौंडांची व्हॅन

ऑगस्ट १९६० मध्ये या मुलांना जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये वाजवायचं काम मिळालं. विमानाचे पैसे नव्हतेच. त्यांचं काम पाहणारा ॲलन विल्यम्स आपली छोटी ऑस्टिन व्हॅन घेऊन निघाला. आत तो, त्याची बायको, मेहुणा, आणखी एक ओळखीचे गृहस्थ, पाच मुलं आणि वाद्यं. रिंगो तेव्हा बँडमध्ये नव्हता. ड्रमवर पीट बेस्ट होता आणि बास गिटारवर जॉनचा मित्र स्टुअर्ट सटक्लिफ. हार्विच बंदरात क्रेनने ती व्हॅन उचलून बोटीवर चढवतानाचा फोटो आजही पाहायला मिळतो. टपावर सामान बांधलेली ती गाडी दोरांवर लटकतेय. आपल्या सुट्टीच्या प्रवासापेक्षा काही फार वेगळं चित्र नाही!

परत आल्यावर गावोगावच्या कार्यक्रमांसाठी रोज गाडी लागू लागली. पॉल आणि जॉर्जचा शाळेतला मित्र नील ॲस्पिनॉल अकाउंटंट होण्यासाठी शिकत होता. त्याने १९६१ मध्ये सुमारे ८० पौंडांना एक जुनी कॉमर व्हॅन घेतली आणि मुलांना कार्यक्रमाला नेऊ-आणू लागला. भाडं? माणशी पाच शिलिंग. पाच शिलिंग म्हणजे पाव पौंड. चौघांचे मिळून एका कार्यक्रमाचा एक पौंड. पेट्रोलचा खर्च धरलाच नाही तरी व्हॅनची किंमत वसूल व्हायला ८० फेऱ्या! नीलने हा हिशोब नक्कीच केला असेल. तरीही वर्षभरात त्याने शिक्षण सोडलं आणि पूर्णवेळ व्हॅनच चालवायला लागला. पुढे हाच नील बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा प्रमुख झाला आणि २००७ पर्यंत त्या पदावर राहिला. ड्रायव्हरच्या सीटवरून त्याने थेट कंपनीच्या खुर्चीत जागा मिळवली.

३१ डिसेंबर १९६१ ची रात्र पाहा. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये डेक्का या बड्या रेकॉर्ड कंपनीसमोर परीक्षा होती. मॅनेजर ब्रायन एपस्टाइन रेल्वेने गेला. मुलं नीलबरोबर व्हॅनने निघाली. वाटेत बर्फाचं वादळ, त्यात रस्ता चुकला. सव्वातीनशे किलोमीटरच्या प्रवासाला तब्बल दहा तास लागले. सकाळी त्यांनी वाजवलं आणि डेक्काने त्यांना नकार दिला. रेकॉर्ड कंपन्यांच्या इतिहासात हा निर्णय पुढे किती महागात पडला, ते आपल्याला माहीत आहेच.

काच फुटलेली रात्र

जानेवारी १९६३. ऑगस्ट १९६२ मध्ये रिंगो आल्यापासून चौघांची जोडी पक्की झाली होती. ब्रिटनमधला तो हिवाळा त्या शतकातल्या सर्वात कडक हिवाळ्यांपैकी एक होता. नील तापाने आजारी, म्हणून त्या दिवशी व्हॅन चालवत होता मॅल इव्हान्स. हा धिप्पाड पण प्रेमळ माणूस एरवी टेलिफोन खात्यात इंजिनीअर होता.

लंडनहून लिव्हरपूलला परतताना एक खडा उडाला आणि पुढच्या काचेला असे तडे गेले की समोरचं काही दिसेना. मॅलने काच फोडून भोक पाडलं आणि गाडी तशीच पुढे काढली. गोठवणारा वारा सरळ आत! मागे चौघांनी एक उपाय शोधला. एक जण खाली आडवा झाला, त्याच्यावर दुसरा, त्यावर तिसरा, त्यावर चौथा. वरचा गारठला की जागा बदलायची. सोबत ऊब आणायला व्हिस्कीची एक बाटली. पॉल पुढे या प्रकाराला ‘बीटल सँडविच’ म्हणायचा.

या रात्रीनंतर काही आठवड्यांतच, ११ फेब्रुवारी १९६३ रोजी, त्यांनी पहिल्या अल्बमचं जवळजवळ सगळं रेकॉर्डिंग एका दिवसात पूर्ण केलं. एकमेकांच्या अंगावर रचून झोपलेली पोरं एकमेकांचा सूर न सांगता ओळखायची, यात नवल ते काय?

पोलादी पेटी

त्यानंतर जे झालं त्याला जगाने ‘बीटलमेनिया’ असं नाव दिलं. व्हॅन गेली, लिमोझिन आल्या. पण चाहत्यांची गर्दी इतकी वाढली की लिमोझिनही पुरेना. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,६०० लोक त्यांची वाट पाहत होते. चौघांना आधी हेलिकॉप्टरने आणलं आणि मग बँकांची रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती ट्रकमध्ये बसवून स्टेडियमच्या आत नेलं. लोकांचे लाडके गायक नोटांच्या थप्प्यांसारखे बंदिस्त होऊन आले!

पुढच्याच वर्षी, २१ ऑगस्ट १९६६ रोजी, अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये भर पावसात कार्यक्रम झाला. तो संपल्यावर चौघांना एका मोठ्या, आतून पोलादी पत्रा असलेल्या रिकाम्या ट्रकमध्ये घालून बाहेर काढलं. बसायला सीट नाही, धरायला काही नाही. प्रत्येक वळणावर चौघे इकडून तिकडे घसरत होते. बाकी तिघे तर दौऱ्यांना आधीच कंटाळले होते. दौरे सुरू ठेवावेत असं म्हणणारा एकटा पॉल उरला होता. त्या ट्रकमध्ये त्यानेही हात टेकले. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर तिकीट लावून केलेला कार्यक्रम त्यांनी पुन्हा कधीच केला नाही.

साडेतीन वर्षांत काय बदललं पाहा. १९६३ च्या व्हॅनमध्येही सीट सोडून ते एकमेकांवर पडले होते, आणि १९६६ च्या ट्रकमध्येही. पहिल्या प्रवासाच्या आठवणीने ते हसायचे. दुसऱ्याने त्यांचं गावोगाव फिरणंच थांबवलं.

प्रत्येकाची आपली गाडी

आता पैसा होता, घरं होती आणि प्रत्येकाच्या दारात स्वतःची गाडी होती.

जॉनने फेब्रुवारी १९६५ मध्ये ड्रायव्हिंगची परीक्षा पास केली. बातमी पसरताच लंडनचे गाडीविक्रेते त्याच्या घरासमोर चकचकीत गाड्या घेऊन हजर झाले म्हणे. त्यातून त्याने निळी फेरारी निवडली. त्याच वर्षी ३ जूनला त्याची काळी रोल्स-रॉइस फँटम फाइव्ह आली. लांबी सुमारे सहा मीटर. आत टीव्ही, फ्रिज, टेलिफोन, रेकॉर्ड प्लेअर आणि पलंग होईल अशी मागची सीट.

१९६७ मध्ये त्याने ही गाडी पिवळीधमक रंगवून घेतली. वर लाल-निळ्या वेलबुट्ट्या, दारांवर फुलं आणि टपावर त्याची तूळ रास. इंग्लंडमधल्या फिरस्त्या रोमानी लोकांच्या रंगीत घोडागाड्यांवर असते तशी नक्षी. रोल्स-रॉइस म्हणजे तिथे राजघराण्याची गाडी. तिची ही दशा पाहून एका वृद्ध बाईंनी भर रस्त्यात गाडीवर छत्री हाणली, असा किस्सा सांगतात. १९७७ मध्ये जॉनने ती न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाला दिली. त्याच्या मृत्यूनंतर, १९८५ मध्ये, लिलावात तिला जवळजवळ २३ लाख डॉलर मिळाले. आज ती कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रॉयल ब्रिटिश कोलंबिया संग्रहालयाकडे आहे.

पॉलकडे १९६४ पासून ॲस्टन मार्टिन डीबी ५ होती, जेम्स बाँडवाली! तिच्यात चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवलेला होता. चौघांकडे मिनी गाड्याही होत्या. रिंगोच्या मिनीला मागून वर उघडणारं दार करून घेतलं होतं, ड्रमचा सेट मावावा म्हणून.

जॉर्जच्या मिनीची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. जुलै १९६६ मध्ये फिलिपिन्सहून परतताना बीटल्स दिल्लीत थांबले. मोठाल्या अमेरिकन गाड्यांतून त्यांना शहराबाहेर फिरायला नेलं. एका खेड्यात उतरल्यावर मुलं हात पसरून भोवती जमली. आपल्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची किंमत या गावाने कधी पाहिली नसेल इतकी आहे, हे तिथे जाणवल्याची आठवण जॉर्जने पुढे सांगितली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा आला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला, मुंबईत. १९६७ मध्ये त्याने आपली काळी मिनी कूपर रंगवून घेतली. तिच्यावरची यंत्रं आणि चिन्हं अजित मुखर्जी यांच्या ‘तंत्र आर्ट’ या पुस्तकातून घेतलेली होती. लंडनच्या रस्त्यावर भारतीय चित्रं मिरवणारी ती छोटीशी गाडी कशी दिसत असेल, कल्पना करा.

गाड्या एकाहून एक सुंदर. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आता चौघे चार वेगवेगळ्या गाड्यांतून स्टुडिओत यायचे.

पुलावर अडकलेली बस

२७ ऑगस्ट १९६७ ला मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचा अचानक मृत्यू झाला. सगळ्यांना बांधून ठेवणारा माणूस गेला. पॉलला वाटलं, पुन्हा सगळ्यांनी एकत्र एका गाडीत बसायला हवं. त्याच्या डोक्यात ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ हा सिनेमा आधीपासून होताच. एक रंगीबेरंगी बस, त्यात बीटल्स, नट-नट्या आणि कॅमेरे. कुठे जायचं ते वाटेत ठरवायचं. पटकथाही जवळपास नाहीच.

११ सप्टेंबरला पिवळी-निळी बेडफर्ड बस लंडनहून निघाली. पुढे दोन आणि मागे एक अशा तीन आसांची ही बस दिसायलाही वेगळी होती. मागोमाग पत्रकारांच्या गाड्यांची रांग. दुसऱ्या दिवशी डेव्हनमधल्या एका जत्रेकडे जाताना बस एका अरुंद पुलावर अडकली. पुढे जाता येईना, वळता येईना. मागे वाहनांचा खोळंबा. शेवटी बस रिव्हर्समध्ये बाहेर काढावी लागली. चिडलेल्या जॉनने बसच्या बाजूला चिकटवलेली पोस्टर्स टराटरा फाडून टाकली.

हा सिनेमा बीबीसीने २६ डिसेंबरला दाखवला, तोही कृष्णधवल! रंगांची उधळण असलेली ती बस लोकांनी करड्या छटांमध्ये पाहिली. समीक्षकांनी धुतलं. बीटल्सच्या वाट्याला आलेलं हे पहिलं मोठं अपयश होतं.

ऋषिकेशच्या टॅक्सी

फेब्रुवारी १९६८ मध्ये ते महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला ऋषिकेशला आले. जॉन आणि जॉर्ज आधी आले. पॉल आणि रिंगो काही दिवसांनी. दिल्लीहून टॅक्सीने, धक्के खात. परत जातानाही तसंच. रिंगो दहा-बारा दिवसांत निघाला, पॉल मार्चअखेर, आणि जॉन-जॉर्ज एप्रिलमध्ये, महर्षींशी बिनसल्यावर. परतीच्या वाटेवर जॉन आणि त्याची बायको सिंथिया यांच्या टॅक्सीचं टायर पंक्चर झालं आणि दोघं रस्त्याच्या कडेला ताटकळत राहिली. काही आठवड्यांतच त्यांचा संसारही मोडला.

तेव्हा जॉनचा मुलगा ज्युलियन पाच वर्षांचा होता. त्याला आणि सिंथियाला भेटायला पॉल आपल्या गाडीतून निघाला. आई-बाबा वेगळे होत असलेल्या लहान मुलाला काय सांगायचं, याचा विचार करता करता स्टिअरिंगवरच त्याला एक गाणं सुचलं. ते म्हणजे ‘हे ज्यूड’. सुरुवातीला त्यात ज्युलियनचंच नाव होतं. जगभर लोकांनी ते लाखोंच्या संख्येने विकत घेतलं, पण मुळात तो गाडीत एकट्याने केलेला एका मुलाच्या काळजीचा विचार होता.

उभी गाडी, चालणारे चौघे

१ जुलै १९६९. जॉन, योको ओनो आणि दोघांची मुलं स्कॉटलंडला सुट्टीवर. गाडी ऑस्टिन मॅक्सी, चालवणारा जॉन. अरुंद रस्त्यावर गाडी खड्ड्यात गेली. जॉनला १७ टाके पडले. त्याच सुमारास लंडनमध्ये बाकीचे तिघे नव्या अल्बमचं काम सुरू करत होते. जॉन आठवड्याभराने परतला. योकोला आराम हवा म्हणून स्टुडिओत चक्क पलंग आणून ठेवला गेला. त्याभोवती काम करताना बाकीच्यांना काय वाटलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

८ ऑगस्टला त्या अल्बमच्या मुखपृष्ठाचा फोटो निघाला. स्टुडिओबाहेरचं झेब्रा क्रॉसिंग. पोलिसाने थोडा वेळ वाहतूक थांबवली, इअन मॅकमिलन शिडीवर चढला आणि त्याने सहा फोटो काढले. डावीकडे एक पांढरी फोक्सवॅगन उभी होती. कोणती? बीटल! मुद्दाम आणलेली नव्हती, समोरच्या इमारतीतल्या कुणाची तरी. अल्बम गाजल्यावर तिची नंबर प्लेट पुन्हा पुन्हा चोरीला जाऊ लागली. आता ती जर्मनीत फोक्सवॅगनच्या संग्रहालयात सुखरूप आहे.

हा फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. चौघे एका रांगेत, एकाच दिशेने चालताहेत, कुणी कुणाकडे पाहत नाही. त्याच महिन्यात ते स्टुडिओत शेवटचे एकत्र आले. एप्रिल १९७० मध्ये बँड फुटल्याचं जगाला कळलं.

आणि पुन्हा एक बस

गाड्यांमुळे बीटल्स फुटले का? छे! पैशांचे वाद, मॅनेजरचा मृत्यू, प्रत्येकाची वेगळी आवड, थकवा, कारणं पुष्कळ होती. गाड्यांनी फक्त ते अंतर दाखवून दिलं.

पण पॉलला बहुधा त्या जुन्या व्हॅनची आठवण सुटली नव्हती. फेब्रुवारी १९७२ मध्ये त्याने आपला नवा बँड ‘विंग्ज’, बायको लिंडा, मुली आणि कुत्रे यांना व्हॅनमध्ये घातलं आणि इंग्लंडच्या रस्त्यांना लागला. वाटेत विद्यापीठ दिसलं की आत जायचं आणि विचारायचं, इथे आम्ही वाजवलं तर चालेल का? जगातला सर्वात प्रसिद्ध गायक दारात उभा राहून असं विचारतोय! त्याच उन्हाळ्यात युरोपच्या दौऱ्यासाठी त्याने विमान नाही, आलिशान गाडी नाही, तर जुनी डबलडेकर बस घेतली. ती रंगवली, वरच्या मजल्यावर गाद्या टाकल्या. धाकटी स्टेला तेव्हा वर्षाचीही झालेली नव्हती. मोठी माणसं वर उन्हात पडलेली, मुली खेळताहेत आणि बस गावामागून गाव मागे टाकतेय.

लिव्हरपूलच्या बसच्या वरच्या मजल्यावर एका मुलाने गिटार वाजवली होती. चौदा वर्षांनी त्याच्या मित्राने पुन्हा एका बसच्या वरच्या मजल्यावर आपलं घर थाटलं.

या सुट्टीत तुमच्याकडेही बहुतेक दोन गाड्या निघतील. एसी, मोकळी जागा, प्रत्येकाच्या कानात आपापली गाणी. तेही छानच. पण एखाद्या टप्प्यावर सगळ्यांनी एकाच गाडीत बसून पाहा, थोडं दाटीवाटीने. खिडकीवरून भांडण होईल, कुणाचा तरी पाय दुखेल. होऊ द्या. पुढे गप्पांत विषय निघेल तो याच टप्प्याचा.